दौलतभाऊ आणि माझं रक्त

भाऊ गेल्याची बातमी मला शाळेत कळली. दहावीचा तास चालू होता. मुख्याध्यापक शिपायाला न पाठवता स्वतः वर्गाच्या दाराशी आले आणि त्यांनी मला हळूच बाहेर बोलावलं, तेव्हाच मी समजलो. हॉस्पिटलातून फोन आला होता. मी खडू फळ्याच्या कडेला ठेवला, मुलांना शांत बसायला सांगितलं आणि सायकल काढली. सदरमधल्या शाळेपासून मेडिकलच्या सरकारी दवाखान्यापर्यंतच्या त्या वाटेवर मला रडू आलं नाही. आलं ते दुसरंच काही, आणि ते लिहायला मला सात आठवडे लागले. क्षणभर मला हलकं वाटलं. ज्या माणसासमोर मी गेली तेरा वर्षं धडपणे मान वर करून उभा राहू शकलो नव्हतो, तो माणूस आता नव्हता. पुढच्या चौकात सायकलवरून उतरून मी एका भिंतीला धरून उभा राहिलो. सख्ख्या भावाच्या मरणानं सुटका वाटणारा माणूस कसा असतो, ते मी त्या दिवशी आतून पाहिलं.

दौलतभाऊबद्दल लिहा, असं मला पुरवणीच्या संपादकांनी सांगितलं ते त्याच्या कामामुळे. पारशिवनीपासून उमरेडपर्यंतच्या किती तरी गावांत 'रक्तवाले भाऊ' म्हणून त्याला लोक ओळखत. मी त्याचा धाकटा भाऊ, त्यातून विज्ञानाचा मास्तर, तेव्हा मी लिहीन ते नीट असेल, असं त्यांना वाटलं. मी लिहितो आहे. पण नुसतं त्याचं कौतुक लिहिलं तर ते खोटं होईल.

भाऊ माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. आमचे वडील मिलमध्ये साच्यावर कामाला होते, घर इंदोऱ्याच्या वस्तीत. धम्मदीक्षेच्या वर्षी, छप्पन साली, भाऊ मॅट्रिक झाला आणि लगेच त्याच सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागला. पुढे तिथंच शिकत शिकत तंत्रज्ञ झाला. आमच्या दोघांच्या मध्ये एक बहीण होती, कमल. मला ती फारशी आठवत नाही. आठवतात ते तिचे सुजलेले हात, पिवळट डोळे आणि 'माय, हाडं दुखतात वं' हे एकच वाक्य. कोणी हिवताप म्हणालं, कोणी वात म्हणालं, कोणी नजर काढली. नऊ वर्षांची होऊन ती गेली. भाऊ तेव्हा शाळेतच होता. कमलला काय झालं होतं हे कोणालाच सांगता आलं नाही, याचं त्याला फार लागलं होतं. ते मला पुष्कळ पुढे कळलं.

पासष्ट-सहासष्टची गोष्ट असेल. बाहेरून शिकून आलेल्या एका डॉक्टरीणबाई त्याच्या प्रयोगशाळेत रुजू झाल्या होत्या. त्यांनी एका आजारी मुलाचं थेंबभर रक्त काचपट्टीवर घेतलं, त्यात एक औषध मिसळलं, वरून पातळ काच ठेवून कडा मेणानं बंद केल्या आणि तासाभरानं भाऊला सूक्ष्मदर्शकाखाली बघायला लावलं. रक्तातल्या गोल पेशी वाकून विळ्यासारख्या झाल्या होत्या. त्या संध्याकाळी भाऊ घरी आला तो चप्पल न काढताच चुलीपाशी मायजवळ बसला. म्हणाला, "माय, आपल्या कमलले काय झालं होतं ते मले आज दिसलं." मायला काही उमगलं नाही. ती भाकर थापत राहिली. भाऊ मात्र जमिनीवर कोळशानं विळे काढत बसला होता. त्या वाकड्या पेशी बारीक शिरांमध्ये अडकतात, रक्त पुढे जात नाही आणि माणूस दुखण्यानं तळमळतो, हे तो जणू कमललाच समजावून सांगत होता.

त्या दिवसापासून त्यानं हे काम धरलं. काचपट्टीवर विळे दिसले तरी एक अडचण राहायची. ज्याला खरा आजार आहे त्याच्याही रक्तात ते दिसत आणि ज्याला काहीच त्रास नाही, पण जो आईबापांपैकी एकाकडून अर्धा दोष घेऊन आलेला आहे, त्याच्याही. दोघांतला फरक कळायला वेगळं यंत्र लागे. ते आमच्याकडे नव्हतं, म्हणून भाऊनं आणि त्या बाईंनी मिळून ते केलं. प्लास्टिकचा डबा, त्याच्या दोन्ही टोकांना क्षाराचं पाणी, मध्ये कागदाची ओली पट्टी आणि तिच्यातून बारीकसा वीजप्रवाह. पट्टीच्या एका टोकाला रक्तातलं लाल रंगद्रव्य लावायचं आणि सहा-सात तास वाट पाहायची. मी एकदा बघायला गेलो तेव्हा त्यानं मला समजावलं होतं, "दोघं संगंच पळायले लागतात. साधं रक्त पुढं निंगते, इळ्याचं मागं राहते. पट्टीवर एकच डाग आन तोही मागं, तर पेशंट. दोन डाग, एक पुढं एक मागं, तर तो अर्धा. त्याले काही होत नाई. पण त्यानं दुसऱ्या अर्ध्याशी लगन करू नाही." डोळ्यांना न दिसणारी गोष्ट कागदावर उमटलेली पाहून मी भारावून गेलो होतो. मी त्याच वर्षी शाळेत लागलो होतो आणि वर्गात वाटाण्याच्या उंच आणि बुटक्या रोपांवरून आनुवंशिकता शिकवत होतो.

भाऊ स्वतः अर्धा होता. सगळ्यात आधी त्यानं स्वतःचंच रक्त तपासलं होतं. त्याच्या लग्नाची बोलणी दोनदा झाली आणि दोन्ही वेळा त्यानं मुलीच्या वडिलांना आधीच सांगितलं की माझ्या रक्तात असं असं आहे, मला काही होणार नाही, पण तुमच्या मुलीचं एक थेंब रक्त तपासू द्या. दोन्ही वेळा पाहुणे चहा अर्धा टाकून उठले. दुसऱ्या वेळी तर गोष्ट वस्तीभर झाली. 'त्यायच्या घरात रक्ताचा रोग आहे' असं बाया नळावर बोलू लागल्या. मायनं भाऊशी आठ दिवस बोलणं टाकलं. भाऊनं मग लग्नाचा विषयच सोडून दिला. मी हे सगळं पाहत होतो, आणि यातून जे शिकायचं नाही तेच शिकलो.

चौऱ्याहत्तर साली माझं लग्न ठरलं. मुलगी पारशिवनीकडची, सुशीला. सातवी शिकलेली, बोलायला धीट. ठरल्यावर एका रविवारी भाऊनं मला प्रयोगशाळेत नेलं आणि बोटाला सुई टोचली. दोन दिवसांनी त्यानं ती पट्टी माझ्यासमोर धरली. दोन डाग होते, एक पुढे, एक मागे.

"घाबरू नको," तो म्हणाला, "तुले काही होणार नाई. फक्त पोरीचं पाह्यू दे. मी सोता गावात जातो, कोणाले कळू न देता घेतो."

मी नाही म्हणालो. तो समजावत राहिला आणि मी चिडत गेलो. शेवटी मी जे बोललो ते मला शब्द न् शब्द आठवतं. म्हणालो, "इतके दिवस लोक म्हणत होते, यायचं रक्त हलकं आहे. वडिलांनी ते सारं झटकून टाकलं. आता तू घरात बसून मशीन लावून तेच सांगून राहिला?"

भाऊचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "रक्ताले जात नाई राहत, यशवंता. गोंडाईत आहे, तेल्याईत आहे, कुणब्याईत आहे. मी रोज पाह्यतो. हे हलकं-भारी नाई गा, हे फक्त आहे." मी ऐकलं नाही. माझं बोलणं तेव्हा मलाच फार स्वाभिमानाचं वाटलं होतं. खरं तर मला एवढीच भीती होती की माझेही पाहुणे चहा टाकून उठतील. मी त्याला मायची शपथ घातली, कोणालाही सांगणार नाहीस म्हणून. तो पट्टीकडे बघत 'बरं' म्हणाला. पट्टीवर नाव घालू नकोस, असंही मी सांगितलं. त्यानं तेही ऐकलं.

सुजाता झाली तेव्हा चांगली गुटगुटीत होती. सहा-सात महिने मी स्वतःला सांगत राहिलो की भाऊ उगीच भीती घालत होता. मग तिच्या हातापायांची बोटं सुजली, एकाएकी, भाजलेल्या वांग्यासारखी. ती हात लावू देईना. भाऊ भेटायला आला, त्यानं ती बोटं पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. सुशीला तिथंच होती, म्हणून तो काही बोलला नाही. अंगणात आल्यावर एवढंच म्हणाला, "तपासू दे." मी म्हणालो, "दात येऊन राहिले तिले." विज्ञानाचा मास्तर होतो मी.

पुढची दोन वर्षं मी तिला सगळीकडे नेलं, फक्त भाऊच्या प्रयोगशाळेत नेलं नाही. एका डॉक्टरांनी हाताचा एक्स-रे काढला आणि हाडाला सूज आहे म्हणाले. दुसऱ्यांनी संधिवात म्हणून इंजेक्शनं दिली. एक शब्द सांगितला असता तर त्यांनाही वाट मिळाली असती. प्रत्येक वेळी ते विचारत, घरात कोणाला असं होतं का? आणि प्रत्येक वेळी मी, कमलचा भाऊ, नाही म्हणत असे. घरी मायनं सुशीलेच्या मागे लागायला सुरुवात केली. तिनं बाळंतपणात थंडं खाल्लं, ती पोरीला गार पाण्यानं अंघोळ घालते, तिचं दूधच बाधलं. सुशीला आधी उत्तर द्यायची, मग देईनाशी झाली. थंडीत पोरीचे पाय कुशीत धरून बसायची. मायचं बोलणं चालू असताना मी समोर बसून वर्तमानपत्र वाचत असे. ते वर्तमानपत्र कधी कधी दोन-दोन दिवसांचं जुनं असे.

सुजाता तीन वर्षांची असताना एका सकाळी ती कागदासारखी पांढरी पडली. पाणथरी म्हणजे प्लीहा वाढून पोट डाव्या बाजूला फुगलं होतं, मान धरत नव्हती. रिक्षात घालून आम्ही तिला मेडिकलला नेलं. भाऊ प्रयोगशाळेतून धावत आला. त्यानं कोणाला न विचारता तिचं रक्त घेतलं आणि वॉर्डाच्या डॉक्टरांशी दारात उभं राहून बोलला. ते लगेच म्हणाले, रक्त चढवावं लागेल. मी बाही वर केली. बाप म्हणून दुसरं काय करणार? म्हणालो, "माझं घ्या."

"याचं नको," भाऊ म्हणाला.

सुशीलेनं वर पाहिलं. "काहून नको? बापच तर आहे."

 भाऊ माझ्याकडे बघत राहिला. आज कळतं, तो मला संधी देत होता. त्याच्या तोंडावर माझी शपथ होती, माझ्या तोंडावर काहीच नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं... आणि मी म्हणालो, "मले मागच्या साली कावीळ झाली होती ना, म्हणून." मला कधीच कावीळ झाली नव्हती. भाऊनं मान खाली घातली आणि दुसऱ्या कोणाचं रक्त मिळतं का ते बघायला गेला. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या एका माणसानं दिलं. सुजाता वाचली.

दुसऱ्या दिवशी पट्टीवर एकच डाग आला, मागे. भाऊनं सुशीलेचं बोट टोचून तिचंही तपासलं. ती अर्धी निघाली. त्यानं तिला व्हरांड्यात बसवून सगळं सांगितलं, फक्त माझं नाव काढलं नाही. पोरीला हे आईबापांकडून येतं, दोघांकडून अर्धं अर्धं, एकट्या आईकडून येत नाही, एवढं त्याला सांगावंच लागलं. सातवी शिकलेल्या बाईला पुढचं गणित कळायला वेळ लागला नाही.

आठ दिवसांनी सुजाताला घेऊन आम्ही घरी आलो. दुपारी सुशीला तांदूळ निवडत होती. वर न बघताच तिनं विचारलं, "तुमाले केव्हा मालूम झालं?"

"लग्नाच्या आधी," मी म्हणालो. आणखी खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं.

ती खडे काढत राहिली. मग म्हणाली, "मंग मायले काहून नाई सांगतलं? दोन वर्स त्या मले बोलून राहिल्या, माह्या दुधानं पोरगी बिघडली म्हणून. मले बी तसंच वाटून राहिलं होतं. तुमी तिथंच बसून होते."

एवढंच. ती ओरडली असती, माहेरी गेली असती, तर मला बरं वाटलं असतं. तिनं सूप झटकलं आणि तांदूळ धुवायला उठली. संध्याकाळी मी मायला सांगितलं. माय उठली आणि तिनं सुजाताचे पाय तेलानं चोळायला घेतले. मला ती पुन्हा कधी त्याविषयी बोलली नाही. सुशीलेच्या ताटात मात्र ती शेवटपर्यंत स्वतःच्या हातानं वाढत असे.

त्यानंतर पोरीला सांभाळलं ते भाऊनं आणि सुशीलेनं. तिला पाणी किती पाजायचं, थंडीत काय घालायचं, ताप आला तर किती वेळाच्या वर थांबायचं नाही, रोजची गोळी कोणती, हे सगळं त्यानं एका कार्डावर लिहून दिलं. तसली कार्डं तो पुढे गावोगाव वाटू लागला. रविवारी तो सूक्ष्मदर्शकाची पेटी घेऊन एसटीनं निघायचा आणि थोड्याच दिवसांत सुशीलाही त्याच्याबरोबर जाऊ लागली. बाया बोट पुढे करायला भ्यायच्या. कोणी विचारे, पोरीचं लगन मोडलं तर? तेव्हा सुशीला खाली बसून म्हणे, "पहिले माहं ऐका." आणि स्वतःचं सगळं सांगे, आम्ही दुसरं मूल का होऊ दिलं नाही, इथपर्यंत. माझ्याबद्दल ती काय सांगत असे, मी कधी विचारलं नाही. मी एकाही रविवारी गेलो नाही. पेपर तपासायचे असत. मला भाऊ एकदाच टोचून बोलला, तेही सहज बोलावं तसं. म्हणाला, "तुया वर्गात तू अजून वाटाणेच शिकवतो का गा?"

मागच्या वर्षी भाऊ बारीक होत चालला. जेवण जाईना, पोट फुगू लागलं. धंतोलीतल्या एका दवाखान्यात तेव्हा नुकतंच सोनोग्राफीचं यंत्र आलं होतं, तिथं मी त्याला नेलं. खाटेवर पडल्या पडल्या तो मान वळवून पडदा बघत होता. करड्या ठिपक्यांतून डॉक्टर त्याला त्याचंच यकृत दाखवत होते आणि तो कान देऊन ऐकत होता, हे पांढरं काय, हे काळं काय, विचारत होता. मला म्हणाला, "पाह्य यशवंता. सुई नाई, काही नाई, सरळ आतलंच दिसते. कमलची पाणथरी अशी दिसली असती." यकृत आक्रसलं होतं. रक्ततपासणीत त्याचं कारणही निघालं. वीस-पंचवीस वर्षं काचेच्या नळीनं तोंडानं रक्त ओढून मोजण्याची त्या काळची पद्धत होती, कोणाची तरी कावीळ त्यातून त्याच्यात गेली होती आणि मुरली होती. जी कावीळ मी तोंडातून खोटी काढली, ती त्याला खरी होती.

परतताना रिक्षात मी धीर केला. म्हणालो, "भाऊ, माहं चुकलं."

 मला वाटलं, तो म्हणेल जाऊ दे. तो तसं म्हणाला नाही. म्हणाला, "माहं बी चुकलं. मी तुले शब्द द्यायले नाई पायजे होता. माहं कामच सांगायचं. सुशीलेच्या बापाले मी सांगतलं नाई, आन तिच्या मांडवात जेवून आलो." मग थांबून म्हणाला, "माफी मले काहून मागतं? तिले माग."

इतकी वर्षं मला वाटत होतं की माझी लाज माझ्यापुरतीच आहे. ज्या माणसानं स्वतःचं लग्न मोडू दिलं पण खोटं बोलला नाही, त्याच्या आयुष्यात एकच खोटं होतं, आणि ते माझं होतं. तो ते माझ्यासाठी वागवत होता. पाच महिन्यांनी तो गेला.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे भाऊच्या स्मरणाच्या वंदनेला, आमच्या गल्लीत मावणार नाहीत इतकी माणसं आली. कोणाच्या हातात काठी, कोणाच्या कडेवर मूल. पुष्कळांनी भाऊनं दिलेलं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलं होतं. ते दाखवून मला सांगत, हे त्यांच्या हातचं आहे. माझे हात धरून म्हणत, असा भाऊ मिळायला भाग्य लागतं. मी मान डोलवत होतो.

मागच्या सोमवारी मी रजा काढली. सकाळी सुशीलेला म्हणालो, "मेडिकलला जाऊन येतो. येतं का?" ती पातळ बदलून निघाली. वाटेत मी तिची माफी मागितली. शब्द मी घरून जुळवून नेले होते, पण ऐन वेळी ते राहिले बाजूला आणि काहीतरी तुटक बोललो. ती म्हणाली, "ऐकलं मी." मी आणखी काही मागितलं नाही.

भाऊच्या खोलीत आता एक तरुण मुलगी काम करते. डबा बदलला आहे, नवा कंपनीचा आहे. भिंतीवर भाऊच्या अक्षरातली सूचना अजून तशीच आहे: 'नाव आणि गाव नीट सांगावे. लाजू नये.' तिनं मला ओळखलं नाही. रजिस्टर उघडून तिनं विचारलं, "नाव?"

मी सांगितलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

"घरात कोणाले आहे का?"

"मुलीले आहे. बहिणीले होतं."

"तुमचं पहिले कधी तपासलं होतं?"

"तपासलं होतं. इथंच. पण तेव्हा मी नाव लिहू दिलं नव्हतं."

तिला हे समजलं नसावं. तिनं खाली बघून माझं नाव लिहिलं, आडनावात एक अक्षर चुकलं होतं ते सुशीलेनं वाकून सांगितलं. मुलीनं ते दुरुस्त केलं आणि माझं बोट धरलं.